कृपया मत द्यावे

सर्जरीच्या चिठ्ठीवर दीड ओळ :
'पोटात दुखते, उलट्या, बीपी कमी, सोडियम एकशे सोळा. कावीळ?
कृपया मत द्यावे.'
खाली सहीच्या जागी कोंबडीनं उकरल्यासारखं काहीतरी.

तिसरा आठवडा होता माझा, ग्रंथींच्या खात्यात.
दिवसभर जिने. ऑर्थोत साखर, बाळंतिणींत थायरॉइड,
आयसीयूत पुन्हा साखर.
आपण इन्सुलिनचे वाणी आहोत असं वाटायचं,
चार युनिट इकडे, सहा तिकडे,
मोजून द्यायचं आणि पुढचा मजला.

शेवंता ऐवळे, वय अडतीस,
सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या गोदामात पाखडायला.
मी सगळं विचारलं,
छापील कागदावर जेवढं विचारायचं असतं तेवढं.
सवयी : विशेष नाही.
कावीळ नव्हती, डोळे पांढरे होते.
पिवळे होते ते हात.
एवढं ओळखलं म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मगदूम मॅडमनी फाइल उघडलीच नाही, उशाशी ठेवली.
'साबण आहे का?'
मला वाटलं, स्वतःसाठी.
त्यांनी मावशींकडून तसराळं मागवलं,
शेवंताबाईंचा हात त्यात धरला
आणि धुवायला लागल्या, नखांच्या कडांपासून,
लेकराला आंघोळ घालावी तसं, पण भराभर.
पाणी पिवळं झालं, बदललं, फिकट झालं,
मग नुसतं पाणी.

हळद गेली.
तळव्यावरच्या रेषा गेल्या नाहीत.
काळ्या, कुणी बोरूनं गिरवल्यासारख्या.
'तोंड उघडा.'
हिरड्यांवर जांभळाचे डाग.
जांभळांचे दिवस नव्हते.

मॅडम माझ्याकडे बघत होत्या. मी भिंतीकडे.
मग त्या कॉटवरच टेकल्या (आम्हाला हे मना आहे)
आणि कानडी हेलात म्हणाल्या,
'काय खावंसं वाटतंय बाई? खरं सांग.'

बराच वेळ काहीच नाही. सलाइनचे थेंब.
'मीठ.'
मग, आणखी हळू :
'खडेमीठ. रात्री उठून. चोरून.
गोदामातल्या बाया हसायच्या, हिला डोहाळं लागल्यात म्हणून.
मालक जाऊन पाच वर्सं झाली.
मग कुणाला सांगायचं?'

फाइलीत गरोदरपणाची चाचणी होती,
आल्या दिवशीच केलेली. निगेटिव्ह.
तिला कुणी सांगितलं नव्हतं,
कशासाठी केली तेही नाही.
मीही वाचली होती. मीही नाही.

'मूत्रपिंडांवर टोपीसारख्या दोन गाठी असतात,' मॅडम म्हणाल्या,
'तुझ्या दमल्यात. अंगाला मीठ धरून ठेवता येत न्हाई,
म्हणून ते मागतंय. बाकी काही न्हाई.'
आणि 'बाकी काही न्हाई' त्या पुन्हा म्हणाल्या,
या वेळी मोठ्यानं,
शेजारच्या तिन्ही कॉटांना ऐकू जाईल असं.

रक्त काढलं. रिपोर्टची वाट न बघता इंजेक्शन, शंभर मिलिग्रॅम.
सर्जरीतून इम्तियाजचा फोन :
'पोट उघडायचं ना? की टेबल दुसऱ्याला देऊ?'
'दे.'

संध्याकाळी सातला शेवंताबाई उठून बसल्या होत्या,
विंचरत. भाकरी मागत होत्या.
गाठी कशानं दमल्या ते शोधायचं बाकी होतं,
क्षयाची शंका होती, पुढे बरंच होतं.

जिन्यात मॅडम मला काहीच बोलल्या नाहीत.
फक्त, 'मत तू लिही.'

लिहिलं. डोस, तपासण्या, पुढची तारीख, सही,
वाचता येईल अशी.
मग माझा सकाळचा कागद काढला
आणि 'विशेष नाही' खोडलं.
वर लिहायला गेलो तर जागा कमी,
छापणाऱ्यानं तिथं एका शब्दापुरतीच ठेवलेली.
दोन अक्षरं कशीबशी मावली.

फोन वाजला. ऑर्थो, कॉट अकरा.
साखर.