दोन लाद्या

बालेवाडीला रोज दुपारी दोन लाद्या टाकायचो,
खडकीच्या कारखान्यातून, गोणपाटात गुंडाळून.
एक सगळ्या टीमची.
एक त्याच्या गुडघ्याची.

वय एकोणचाळीस. आम्ही त्याला आजोबा म्हणायचो,
त्याला वाटायचं, मोठी पदवी आहे.

पोस्टरवर तो धावत होता.
मैदानात चालायचा,
आणि बॉल यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघायचा,
जंगली महाराज रोड ओलांडणाऱ्या पेन्शनरासारखा.

तिकीट काढून आलेले चिडले.
घोरपडीचा रूबेन पिल्ले तेवढा चिडला नाही;
सरावात नुसता
त्या मानेकडे बघत राहायचा.

अकरा मॅच, तीन गोल, त्यातला एक पेनल्टी.
मग विमान. पुढल्या वर्षी टीमही गेली.
माझं चार महिन्यांचं बिल अजून येणं आहे.

काल टेम्पो तापला म्हणून दापोडीच्या मैदानाशी थांबलो.
रूबेन पोरांना शिकवत होता,
निम्मी अनवाणी.
बॉल अजून हवेत,
आणि एका आठ-नऊ वर्षांच्या पोरीनं,
जिनं आजोबाचं नावही ऐकलं नसेल,
दोनदा मान वळवून
मागे पाहिलं.

मागे मी होतो.
टेम्पोतून पाणी ठिबकत होतं.