लेस्ली अंकलचा स्टेक

स्टेक म्हणजे काय हे मला भुसावळात
एकाच माणसानं सांगितलं,
तेही बोटांनी, हवेत:
एवढा जाड, चौधरी.
बाहेरून काळा, आत गुलाबी.
शेजारी बटाट्याचे बोटभर लांब काप, तळलेले,
वर नुसतं मीठ.

मसाला?
नाही.
काळा मसालासुद्धा नाही?
गार्डाच्या डब्यात मग बराच वेळ
फक्त रुळांचे सांधे बोलत राहिले.

कुठल्यातरी जंक्शनच्या रिफ्रेशमेंट रूममध्ये
पांढऱ्या टेबलक्लॉथवर त्यांनी तो खाल्ला होता,
पहिल्या पगाराच्या दिवशी.
कशाचा, ते त्यांनी सांगितलं नाही,
मी विचारलं नाही.

रिटायर झाले आणि माझ्या स्कूटरवर मागे बसू लागले.
पेन्शन झाली की पहिला शनिवार,
एक हॉटेल.

जामनेर रोडच्या एसी फॅमिली रेस्टॉरंटात
मेन्यूवर स्टेक होता, स्पेलिंगसकट बरोबर.
आला लोखंडी ताटलीत, कोबीच्या पानावर,
चर्र चर्र करत, धूर सोडत.
धूर ओसरला, खाली सोयाबीनची टिक्की.
अंकलनी चष्मा पुसला
आणि पोराला वीस रुपये टिप दिली,
म्हणाले, इंजिन चांगलं होतं.

हायवेच्या ढाब्यावर:
इस्टिक? संपली भो, काड्या उद्या येतीन.
आणि फ्राय कशाचं करू?
दाल फ्राय, लिव्हर फ्राय, अंडा फ्राय?
अंकल म्हणाले, बटाटा.
त्यानं आलू-जिरा आणलं.

वरणगावच्या वाटेवर एका खानावळीत
मटणाचा रस्सा असा की कानामागून घाम उतरला.
कळण्याच्या दोन भाकरी चुरल्या मी,
तिसरी मागवताना त्यांच्याकडे बघितलं नाही.
त्यांनीही खाल्लं. कांदा फोडला, बोटं चाटली.
फार चांगलं आहे, म्हणाले,
पण मी दुसऱ्याच गाडीची वाट बघतोय.

तापीचा पूल ओलांडून यावलकडे निघालं
की केळीच्या बागा सुरू होतात,
आणि एका वळणावर सुभान तडव्याचा पत्र्याचा ढाबा.
त्यानं कुठल्याही पदार्थाचं नाव विचारलं नाही.
किती जाड? तवा किती तापलेला?
हाड ठेवू का काढू?
प्रश्न असे, की अंकल खुर्ची पुढे ओढून बसले.
बोकडाच्या मांडीचा आडवा काप,
मधोमध हाडाची गोल कडी.
मसाल्याचा डबा उघडला सुभाननं, परत झाकला.
मंग लोकं म्हनतीन, सुभान विसरला.
बटाटे नव्हते. त्यानं कच्ची केळी सोलली,
हात तेलानं माखून,
आणि बोटभर लांब चिरली.

आम्ही दोघं बघत होतो.
अंकलनी काटा मागितला. काटा नव्हता.
सुरी होती, कांद्याची.
पहिला घास त्यांनी इतका चावला
की सुभान गल्ल्यावरून उठून जवळ आला.
जास्त शिजलंय, अंकल म्हणाले.
मग केळ्याचा काप उचलला, मिठात टेकवला.
आणि हे बटाटे नाहीत.
मग दुसरा घास. मग तिसरा.
हाडातली मज्जा त्यांनी ताटलीवर ठोकून काढली,
खट्, खट्,
पॉइंट बदलल्यासारखी.

आता ढाब्याच्या पाटीवर खडूनं लिहिलंय:
इस्टेक. आधी फोन करणे.
यावलची पोरं मागवतात,
वरून काळा मसाला, बाजूला शेव,
आणि म्हणतात, पह्यले फिकं लागायचं.

अंकलचं खुब्याचं हाड मोडलंय पावसाळ्यापासून.
शनिवारी मी एकटाच जातो,
पार्सल डिकीत टाकतो, पूल ओलांडतो.
घरी पोचेस्तोवर काप मऊ पडतात,
वर्तमानपत्राला तेल सुटतं.
ते उशीला टेकून एक उचलतात,
वाकवून दाखवतात मला, चिंधीसारखा.
बघ, म्हणतात. बघ काय हे.
आणि ताटली जवळ ओढतात.