मीठ

आमच्याकडे टोमॅटो कापला की बोलतो.
फार नाही, एकच शब्द:
देठावरून तुटताना शेवटचा जो कानावर पडला असेल तो.
परगावचे उतारू दचकतात, चमचा खाली ठेवतात.
आम्हाला त्याचं काही नाही.
ड्रॅगनच्या राखेवर तणासारखा माजणारा जिन्नस हा,
पाटीभर घेतला तर वर चार फुकट,
त्याचं कोण कौतुक करणार?

नदी पहाटे उलटी वाहायची थांबते
आणि पहिली नाव लागते, तेवढ्यात मी चाळीस कापते.
चाळीस शब्द पडतात फळीवर.
सरक. पाटी. अगं. ऊन. सरक.
सरक.
(पलीकडच्या शेतात किती दाटी असते ते यावरून कळतं.)
एकदा नुसती शिंक निघाली.
एकदा एक शिवी, इतकी घडीव
की भांडी घासणारा बोर्सिक ती अजून वापरतो,
सणावारी.

वर बुरुजातल्या जादूगारांना मुके टोमॅटो लागतात,
तोंडाला फडकं बांधून रात्री तोडलेले, तिप्पट भावाचे.
जेवताना त्यांना दुसऱ्याचं बोलणं चालत नाही.
मी एक चाखला होता.
साल जाड.

थिल्मा त्या काठावर तोडणीला जाते.
अकरा वर्षं झाली, आम्ही बोलत नाही.
कारण हे पातेलं. तांब्याचं, बापाचं.
त्यानं ते तिला दिलं नव्हतं, मलाही नव्हतं.
मी उचललं, एवढंच.
कल्हई कधीच उडाली त्याची,
टोमॅटोचं कढण त्यात कळकतं,
मग चव झाकायला मी मीठ लोटते.
उतारू पाणी मागतात. पाण्याचे पैसे वेगळे.

तर परवा, हंगामाच्या शेवटच्या पाटीत,
सातवा टोमॅटो म्हणाला: बेतानं.
मी पुढचा घेतला. ऊन. पुढचा. सरक.
एकोणिसावा: घाल.
आवाज ओळखीचा होता,
पण आवाज काय, धुक्यात सगळेच ओळखीचे वाटतात.
एकतिसावा कापला आणि हात थांबला.
मीठ.

म्हणजे ती वाकली असणार,
एकेका फळाला धरून एकेक शब्द सांगितला असणार,
आणि पाटीत ते कुठल्या क्रमानं पडतील
याची फिकीर केली नसणार. तशीच आहे ती.
म्हणजे कुणीतरी नावेतून उतरून तिच्यापाशी
माझ्या कढणाची तक्रार केली असणार.
म्हणजे तिनं विचारलं असणार,
खाणावळीत कोण रांधतं.

उरलेले नऊ मी भराभर चिरले.
पाटी. पाटी. अगं. पाऊस. सरक. एक जांभई. ऊन. पाटी.
शेवटचा खिडकीत ठेवला.
बोर्सिक म्हणाला, काप, नाहीतर सडेल,
सडला की गेला शब्द.
मी म्हटलं, तुझी भांडी घास.

चार दिवस तो खिडकीत मऊ होत गेला.
मी येता-जाता त्याच्याकडे पाहायची नाही.
काय असेल? माझं नाव असेल.
नाव नसेल तर 'ये' असेल.
अकरा वर्षांनी माणूस दुसरं काय म्हणेल?
आज पहाटे नदी थांबायच्या आधी
दिवा न लावताच सुरी टेकवली.

पातेलं, म्हणाला तो.

मी हसले, खूप वेळ,
बोर्सिक उठून बसला.

कल्हईवाल्याला दारातच बसवलं, झिलई येईपर्यंत उठू दिलं नाही.
मग त्यात कढण केलं, निम्मं पातेलं, फडक्यानं तोंड बांधलं
आणि दुपारच्या नावेत चढवलं.
नावाडी हाल्दूर, ज्याची सावली आधी उतरते आणि मग तो,
त्यानं पातेल्याचं पूर्ण माणसाचं भाडं घेतलं.
दिलं.

मिठाचं विचारू नका.
आता लोखंडी डेगीत करते. खाली लागतं जरा.