डावा पाय

पहाटे पावणेपाचला दांडिया बाजार
दुधाच्या क्रेटांचा आणि कुत्र्यांचा असतो.
जिन्यावर बसून मी बुटाची नाडी बांधते,
बोटं अजून रात्रीच्या बेसमध्ये अडकलेली.
दीडपर्यंत तेच चार ठेके फिरवत बसले होते.
खालचे तांबेकाका म्हणतात, आवाज नाही गं येत,
पण पेल्यातलं पाणी थरथरतं.

शिर्केसर म्हणतात, दोन्हीतलं एक निवड.
रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस,
त्यांना रूळ बदलणं कळतं.
गाडी चालते ती दोन रुळांवरच,
हे मी त्यांना तोंडावर म्हणत नाही.
आधी वीस सेकंद कमी करून दाखव, मग बोल.

या गावात चढ नाही.
म्हणून गुरुवारी अकोट्याचा पूल, सहा फेऱ्या.
खाली विश्वामित्रीच्या गाळात मगर पडलेली असते,
कधी खरी, कधी ओंडका.
दोघांनाही घाई नसते.

माझ्या गाण्याचा वेग एकशे बावीस,
पावलं मिनिटाला एकशे अडुसष्ट,
छाती एकशे एकावन्न.
कागदावर मांडलं तर एकत्र निघालेली ही तिघं
मिनिटातून एकदाच समेवर भेटतात.
मी वाट बघत धावते,
आणि नेमक्या त्या क्षणी
कुणीतरी सायकलवाला घंटी वाजवतो.

नोव्हेंबरात कमरेच्या पट्ट्यात रेकॉर्डर बांधून
कमाटीबागेला तीन चकरा मारल्या.
माझ्याच पावलांचा ड्रम करायचा होता.
घरी येऊन, घाम न पुसता,
पडद्यावर लाटा मोठ्या करून पाहिल्या.
उजवा पाय रेषेवर.
डावा प्रत्येक वेळी
अठरा मिलिसेकंद उशिरा.

दोन वर्षांपूर्वी न्यायमंदिरापाशी
रिक्षातून उतरताना घोटा मुरगळला होता.
मला वाटलं होतं, बरा झाला.

एक बटण असतं, सगळं जागेवर आणणारं.
दाबलं.
पावलं रांगेत उभी राहिली
शाळेतल्या प्रार्थनेसारखी.
त्यात धावणारं कुणी नव्हतं.
परत घेतलं, होतं तसं ठेवलं,
आणि तीन महिने निपचित पडलेलं गाणं
लंगडत उठलं,
खोलीभर फिरायला लागलं.
मी हेडफोन काढले
आणि पहिल्यांदा आवाज मोठा केला.

शनिवारी ख्यातीबेनच्या टेबलावर पालथी पडले.
तिने घोटा दाबला, मला चालायला लावलं,
म्हणाली, डाबो पग मोडो पडे छे.
मी म्हटलं, ठाऊक आहे, किती ते पण ठाऊक आहे.
तिने रबराचा पट्टा दिला,
दात घासताना एका पायावर उभं राहायला सांगितलं,
सहा आठवडे.

गाण्याला तो पाय हवा होता, हे तिला सांगून काय उपयोग?
शर्यत जानेवारीत होती.
मी उभी राहिले. सकाळ-संध्याकाळ,
नळाला एक बोट टेकून, मग न टेकता.
दर रविवारी पुन्हा रेकॉर्डर.
चौदा.
अकरा, मग एका आठवड्यात परत तेरा
(त्या आठवड्यात झोप नव्हती, शेवट जुळत नव्हता).
सात.
शिर्केसर स्टॉपवॉचकडे बघून काही बोलले नाहीत.
त्यांच्याकडून एवढंच मिळतं, तेवढं मी घेतलं.

आता पुलावर दोन्ही पाय सारखे वाजतात.
चांगलं वाटतं. खरंच वाटतं.
फक्त कधी कधी चौथ्या फेरीत
कान डाव्या बाजूला जाऊन थांबतो,
कुणी मागे राहिलंय का बघायला.

काल रात्री गाणं पुरं झालं.
सकाळी जिन्यात तांबेकाका, हातात पेला तसाच.
म्हणाले, वर कोण लंगडत होतं गं रात्रभर?
मी म्हटलं, आहे एक पाहुणी,
राहील थोडे दिवस.
आणि एक-एक पायरी मोजत
सरळ पायांनी खाली उतरले.