शेऱ्याचा रकाना

वीज खात्याने मला एक बॅटरी दिली, एक पिशवी,
आणि वही: घर क्रमांक, मागचा आकडा, आजचा आकडा,
शेवटी बोटभर रुंद रकाना, शेरा.
दार बंद असेल तर द. कुत्रा असेल तर कु.
मीटर अडकला असेल तर अ.
एवढ्या तीन खुणांत वास्कोतली एकोणतीस वर्षं बसवायची होती.

मला घरं मीटरवरून आठवतात.
खारीवाड्यावर पिएदाद मिनेझिसचा मीटर खुरसाच्या मागे,
आकडे वाचायचे तर आधी मान तुकवावी लागे.
ती म्हणायची, "बघ, सरकारही नमतं इथं."
सड्यावर हळर्णकरांचा जिन्याखाली, कांद्यांच्या माळांत.
बायण्यात जैनबीचा इतका उंच
की तिचा धाकटा माझ्या खांद्यावर चढून आकडे ओरडायचा,
सहाला नऊ म्हणायचा,
आणि तिचं बिल मी पुढल्या फेरीत गुपचूप सरळ करायचो.

काच कधीपासून पुसावी लागली, नेमकं सांगता येत नाही.
आधी पावसाळा सरल्यावर एकदा. मग दर फेरीला.
अंगठा फिरवायचा, लहान पोराचं नाक पुसावं तसा,
की आतून आकडा वर यायचा.
धक्क्यावर जहाज लागलं की दोन दिवसांनी अंगठा जास्त काळा,
बंदराच्या नोंदी न बघता मला कळे.
एका चवथीला हात दोनदा धुऊन माटोळी बांधली
तरी शहाळ्यावर अंगठा उमटला.

काळ्या काचेला खात्याकडे अक्षर नव्हतं.
मी रकान्यात ठिपका द्यायला लागलो.
साहेबांनी विचारलं, हे काय?
म्हटलं, पेन टेकलं.

मराठीत मालगाडीच्या डब्याला वाघीण म्हणतात.
निवृत्तीनंतर झोप येत नाही तेव्हा मी वाघिणी मोजतो,
अठ्ठावन्न, एकोणसाठ,
ताडपत्री अर्धी उडालेल्या,
मोलेचं रान चिरत घाट चढायला निघालेल्या.
त्या रानात म्हणे खऱ्या वाघिणीसाठी झाडांना कॅमेरे बांधलेत.
ती एकदा दिसली तर वर्तमानपत्रात येते.
या रोज दिसतात.
घाटापलीकडे कोळशाचं पोलाद होतं, कुठे वीज होते,
आणि ती वीज तारांवरून आमच्याकडे येताना
पुन्हा रानातूनच वाट मागते.
मधल्यामध्ये सांडतं ते आमचं.

जनसुनावणीला टोकन मिळालं एकशे तेरा.
मंडपात पंखे, पाण्याच्या टीचभर बाटल्या,
पडद्यावर हिरवे आलेख.
माझ्या आधी एक रापणकार बोलला, खोकत खोकत.
खोकला इतिवृत्तात येत नाही.
मग मी. टेबलावर वह्या ठेवल्या, एकवीस.
"यात काय आहे?"
ठिपके.
"कोणत्या एककात?"
मी जरा विचार केला. म्हटलं, अंगठा.
मागे कुणी हसलं. अधिकारी हसले नाहीत, बरे गृहस्थ असावेत,
पण लेखनिकाला हळू सांगितलेलं मला ऐकू आलं:
आक्षेपकर्त्याकडे आकडेवारी नाही.

माझ्याकडे.
जन्मभर दुसरं काय आणलं होतं मी?

वह्या परत मागितल्या नाहीत. पोच मागितली,
मिळाली. शिक्का ओला होता.

परतताना पाय खारीवाड्याकडे वळले.
पिएदाद जाऊन चार वर्षं झाली,
आता तिथे धक्क्यावर रात्रपाळी करणारी मुलं भाड्याने राहतात.
खुरीस आहे. कुणीतरी त्याला ताजा झेंडूही वाहिलेला.
मान तुकवली. अंगठा फिरवला.
आकडे सरकत होते, आत पंखा चालू असणार.
खिशात पेन होतं, वही नव्हती.
पोचपावतीच्या पाठीवर घर क्रमांक लिहिला, आजचा आकडा,
आणि शेऱ्याच्या जागी
ठिपका न देता अंगठाच टेकवला.

आतून झोपेतला आवाज आला, "कौन है?"
"मीटर," मी म्हटलं.