कोमट

सुरुवातीलाच मी चौघांना बजावलं:
या जगात कुणाला उडता येणार नाही.
आगीचे गोळे नाहीत, बोलक्या तलवारी नाहीत,
आणि मेलेला माणूस
मेलेलाच राहील.

ऑस्मोने वीस बाजूंचा फासा मुठीत घट्ट धरला.
"मग आम्ही करायचं काय?"
"चालायचं. खिंड नऊ दिवसांची आहे.
मीठ किती घेताय बरोबर?"

थंडर बेला, ओडेटच्या लाँड्रीखालच्या तळघरात,
दर बुधवारी.
डोक्यावर कपडे वाळवायची यंत्रं घरघरायची,
छतातून ऊब पाझरायची.
बाहेर सरोवर दगड झालेलं, उणे एकतीस,
आणि धान्याच्या उंच कोठ्या अंधारात
कुणीतरी विसरून गेल्यासारख्या उभ्या.

त्याआधी दहा वर्षं मी वेगळा खेळ चालवला.
ज्याच्या त्याच्या झोळीत सहा-सहा चमत्कार.
रात्री ड्रॅगनने गिळलेला गडी
सकाळी न्याहारीला हजर.
डेस्मंडचा सरदार चौथ्यांदा मेला तेव्हा
कुणी पिझ्झ्यावरून मानसुद्धा वर केली नाही.
डेस्मंडनेही नाही.
त्या रात्री मी ती वही मिटली.

नव्या वहीत एकच मंत्र.
अख्ख्या मुलखात एक.
तो एका मेंढपाळणीला येत होता,
मरताना तिने रॅग्नाच्या कानात सांगितला:
वाडगाभर पाणी कोमट होतं.
उकळत नाही. कोमट.
तेही एकदाच, म्हटला की जिभेवरून पुसला जातो.

पोट धरधरून हसले सगळे.

मग ऑस्मोच्या मांडीत बाण घुसला.
जखम भरायला मी पाच बुधवार लावले.
तिसऱ्या बुधवारी जिना उतरताना
तो स्वतःच लंगडत होता, त्याला कळलंही नाही.
दोर हातांनी मोजायला लागले.
पातं रात्री पुसून ठेवायला लागले.
दिवसभर फोनवरून लोकांचे थकलेले हप्ते मागणारा डेस्मंड
ओल्या मोज्यांविषयी असा बोलायचा
जसं घरातल्या आजाऱ्याविषयी बोलावं.

आणि तो मंत्र.
पूल कोसळला, "म्हणू का?"
"नको, पुढे लागेल."
ताप आला, अंधारकोठडी आली. "नको."
चौदा महिने.
मी लिहून दिलेली चिठ्ठी रॅग्नाच्या खिशात.
एकदा ती धुण्यात गेली;
ओडेटने वाळवून आणून दिली,
शाई गेलेली, घड्या तशाच.

मला ठाऊक होतं ती कशासाठी आहे.
खिंडीच्या टोकाला गोठलेला दरवाजा,
कुलपात बर्फ,
आणि त्या बर्फाला हवं एक वाडगाभर कोमट पाणी.
वर्षभर मी त्या दाराकडे एकेक धागा ओढत आणला होता.

आठव्या दिवशी, नुसता रंग भरायला म्हणून,
मी वाटेत एक पोरगा बसवला.
शत्रूच्या खेचरांमागचा. मागे पडलेला.
पायाची बोटं काळपट.

"नाव काय त्याचं?" रॅग्नाने विचारलं.
नाव नव्हतंच.
"तोब्रिन," मी म्हटलं, जे तोंडाला आलं ते.

तिने कोरी चिठ्ठी टेबलावर उलगडली.
"पाणी आहे का कुणाकडे?"
कुणी वाद घातला नाही.
ऑस्मोने आपल्या बुधल्यातलं शेवटचं ओतलं,
खरोखरच हात तिरका करून,
हवेतून हवेत.

फासा टाकायला सांगायचं मी विसरले.
"कोमट," एवढंच म्हटलं.
डेस्मंडने चष्मा काढला आणि उगाचच पुसला.
वरचं यंत्र थांबलं होतं.

आता दार बंद आहे.
माझ्या वहीत त्याच्यापुढे एक ओळही नाही.

साडेअकराला आम्ही बाहेर पडलो.
थंडी जरा उतरलेली, पायऱ्यांवर बर्फाचा पातळ पापुद्रा.
ओडेटने बादलीतून मूठभर मीठ घेऊन फेकलं,
दर बुधवारी फेकते तसं.

चटचट आवाज आला.
चौघंही पायऱ्यांकडे बघत राहिली,
मग हळूच
माझ्याकडे.