पंचनामा

गारगोटीचं बारसं आटपून आलो
तर कोयंडा लोंबत होता
एकाच कानातल्या डुलासारखा.

हवालदार चौगुले फ्रिजवर वही ठेवून लिहीत होते.
ह्यांनी सांगितलं: साज, अत्तरदाणी,
परवाच बँकेतून काढलेले नऊ हजार.
शेजारच्या वत्सलाताई चहा घेऊन आल्या,
कपबशा मोजून.

मी स्वयंपाकघरात.
डब्याचं झाकण खाली, फरशीवर आजरा घनसाळ,
वास तसाच.
उरलेल्या तांदळात कोपरभर खड्डा.

अकरा वर्षं
भाजीतून, ब्लाऊजच्या शिलाईतून
घडी घालून घालून पुरत होते.
कशासाठी, नीट ठाऊक नव्हतं.
कुठं जायचंच झालं तर, भाड्याला.

"आणखी काय, वैनी?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं.

"तांदूळ सांडलेत," म्हटलं,
आणि सूप घेऊन
खाली बसले.